रेशमाचा निरोप्या

बीड जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: एक दुष्काळ आणि दुसरी ऊसतोड. दोन्ही खऱ्या आहेत, मी त्या नाकारीत नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या शिवारांतून एक तिसरी गोष्ट वाढीला लागली आहे, आणि ती म्हणजे तुती. जेथे पूर्वी नजर पोचेल तेथवर कापूस असे, तेथे आता मधूनच तुतीचा हिरवागार पट्टा दिसतो आणि बांधाच्या कडेला जाळीची एक लांबट शेड. त्या शेडमध्ये रात्री दिवा न लावता क्षणभर उभे राहावे. बाहेर आभाळ निरभ्र असते आणि आत पाऊस पडत असतो. चाळीस-पन्नास हजार अळ्या एकाच वेळी पाला खात असतात, त्याचा तो आवाज.

पैठणीचे पैठण आमच्यापासून लांब नाही. गोदावरी ओलांडली की आलेच. पण त्या पैठणीला लागणारे रेशीम आमच्या मातीत पिकत नसे, ते बाहेरून येई. आता उलटा ओघ सुरू झाला आहे. आरंभी आमच्याकडचे शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकात रामनगरच्या बाजाराला जात. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ उघडली आणि पुढे बीडच्या बाजार समितीतही खरेदी होऊ लागली.

पण मी आज रेशमाच्या भावाविषयी लिहायला बसलेलो नाही. माझ्या हातून वर्गात एक चूक झाली, तिच्याविषयी लिहायचे आहे. ती निस्तरता निस्तरता मला जो इतिहास सापडला तो मला एखाद्या कादंबरीहून सरस वाटला, आणि कादंबऱ्या मी स्वतःच लिहितो, तेव्हा हे कबूल करणे मला सोपे नाही.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांची बदली झाली आणि नवे येईपर्यंत तो तास माझ्या गळ्यात पडला. मी मराठीचा मास्तर. मॅट्रिकनंतर शास्त्राचे पुस्तक हाती धरलेले नाही. तरी पुस्तकात होते ते वाचून सांगितले की, प्राण्याच्या प्रत्येक पेशीत, तिच्या केंद्रकात, साऱ्या शरीराचा आराखडा साठवलेला असतो. त्याचे नाव डी.एन.ए. एवढे सांगून मी खडू खाली ठेवला, तोच तिसऱ्या बाकावरून आमच्या वस्तीवरच्या तात्यांची धाकटी उभी राहिली. तात्यांची तुती दीड एकर.

"सर, समद्या पेशींत समदा आराखडा असतो म्हंता. मंग अळीच्या पायात बी रेशमाचा आराखडा असंल की. मंग पाय का न्हाई सूत काढत?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि वेळ मारून नेली. "पायात कसा असेल गं? जिथलं तिथं. रेशमाचा आराखडा रेशमाच्या ग्रंथीत." घंटा झाली. पोरीने ते वाक्य निळ्या शाईने वहीत उतरवून घेतले.

त्यानंतर महिन्याभरात तात्यांच्या बॅचवर ग्रासरी पडली. ज्यांना हा रोग ठाऊक नाही त्यांना सांगतो: कोष विणायला दोन-चार दिवस उरलेले असतात, अळी सुजते, तिच्या अंगाच्या वळ्या फुगतात, कातडी चकाकते, आणि ती सैरावैरा फिरत शेवटी फुटते. आतून दुधासारखे पाणी निघते. त्यावर औषध नाही. महिन्याची मेहनत खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा लागतो. तात्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि दसऱ्यानंतर नवराबायको एक कोयता म्हणून टोळीबरोबर गेले. पोरगी घरी एकटी कोणाजवळ ठेवणार? तीही गेली. तिच्याबरोबर तिची वही गेली आणि वहीत माझे उत्तर गेले.

ते उत्तर साफ चुकीचे होते.

हे मला नवे शिक्षक आल्यावर कळले. "अहो, पायातही असतो आराखडा," ते म्हणाले. "फक्त तिथं त्याची नक्कल निघत नाही." नक्कल हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मी तेथेच अडखळलो. मराठवाड्यातल्या माणसाला नक्कल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तहसिलीच्या दफ्तरखान्यात मूळ कागद असतो. तो कोणाच्या हाती मिळत नाही. अर्ज करावा, पैसे भरावे, आणि त्या एका पानाची नक्कल घेऊन बाहेर पडावे. त्यातही आमच्याकडे निजामी काळातला कागद उर्दूत, म्हणजे नक्कल हाती आली तरी तिच्यावरून काम होत नाही. उर्दू जाणणारा कोणी गाठावा, त्याने एकेक शब्द मराठीत आणावा, तेव्हा कळते की विहिरीत आपला हिस्सा किती.

पेशीत अगदी हेच चालते. डी.एन.ए. हा दफ्तरखाना. तो केंद्रकाबाहेर जात नाही. त्यातल्या एकेका पानाला जनुक म्हणतात. हवे त्या पानाची जी नक्कल निघते ती आर.एन.ए.ची, आणि ती बाहेर निरोप घेऊन जाते म्हणून तिला संदेशवाहक आर.एन.ए. हे नाव. मी तिला निरोप्या म्हणतो. बाहेर रायबोसोम नावाच्या बारीक बारीक कचेऱ्या असतात. तेथे नक्कल वाचली जाते आणि तिच्याबरहुकूम अमिनो आम्लांचे मणी ओवून प्रथिन तयार होते. मणी आणून देणारे दुभाषी निराळे, आणि तेही आर.एन.ए.चेच. रेशीम हे प्रथिन. आपले केस, नखे, रक्ताचा लाल रंग ज्यामुळे असतो ते हिमोग्लोबिन, तेही प्रथिनेच.

इतके समजले तरी माझे समाधान होईना. पायात आराखडा आहे आणि नक्कल मात्र निघत नाही, हे पाहिले कोणी? आणि कसे? पुढची सात-आठ महिने मी सवडीने तेवढेच वाचीत होतो.

या आर.एन.ए.ची पूर्वपीठिका मजेची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लोक समजत की डी.एन.ए. प्राण्यांत असतो आणि आर.एन.ए. वनस्पतींत. कारण इतकेच की एक वासराच्या थायमस ग्रंथीतून काढीत आणि दुसरा यीस्टमधून. ज्या दुकानात जो माल मिळाला त्याचा तोच देश मानायचा, असा प्रकार. १९४० च्या सुमारास बेल्जियममध्ये ब्राशे आणि स्वीडनमध्ये कास्पर्सन यांनी वेगवेगळ्या वाटांनी एक गोष्ट पाहिली. ज्या पेशी प्रथिने भराभर तयार करतात, त्यांत आर.एन.ए. खच्चून भरलेला असतो. स्वादुपिंडात तो पुष्कळ, आणि रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतही पुष्कळ. म्हणजे आमची अळी या कथेत पहिल्याच प्रकरणात येऊन गेली आहे, पण तेव्हा तिच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डी.एन.ए.ची दुपदरी पिळाची रचना मांडली, आणि दफ्तरखाना कोठे आहे याविषयी वाद उरला नाही. वाद उरला तो निरोपाविषयी. त्या काळी बहुतेकांचा समज असा की रायबोसोममध्येच कृती कोरलेली असते. प्रत्येक रायबोसोमला एकच प्रथिन येते. प्रत्येक दुभाष्याला एकच दस्तऐवज पाठ आहे म्हणण्यासारखे. १९५६ साली अमेरिकेत ओक रिज येथे व्होल्किन आणि अस्त्राखान या दोघांना, विषाणूने पछाडलेल्या जंतूंत, थोडासा पण झपाट्याने तयार होणारा आणि झपाट्याने नाहीसा होणारा एक आर.एन.ए. दिसला. त्याची घडण विषाणूच्या डी.एन.ए.शी जुळत होती. तोच निरोप्या होता. दारात येऊन उभा राहिला होता, पण घरातल्या कोणी ओळखले नाही.

ओळखले ते १९६० च्या गुड फ्रायडेला, केंब्रिजमध्ये. सुट्टीचा दिवस, चारदोन मित्र सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत जमलेले. पॅरिसहून आलेले फ्रान्स्वा याकोब आपल्याकडचे नवे प्रयोग सांगत होते: जनुक पेशीत शिरल्यावर काही मिनिटांतच प्रथिन बनू लागते, त्यासाठी नवे रायबोसोम तयार व्हावे लागत नाहीत. ऐकता ऐकता ब्रेनर आणि क्रिक दोघांच्याही मनात एकदम प्रकाश पडला. रायबोसोम ही नुसती वाचणारी कचेरी! निरोप वेगळा आहे, अल्पायुषी आहे, आणि व्होल्किन-अस्त्राखान यांना दिसला तो हाच.

तर्क सुंदर असला तरी पुरावा हवा. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि याकोब कॅलिफोर्नियात मेसेल्सन यांच्या प्रयोगशाळेत गेले. युक्ती अशी: जंतूंना आधी जड अणूंच्या अन्नावर वाढवायचे, म्हणजे त्यांचे जुने रायबोसोम वजनाने ओळखू येतील. मग विषाणू सोडायचा आणि हलके अन्न द्यायचे. नवा आर.एन.ए. जुन्या, जड रायबोसोमवर बसलेला सापडला तर तर्क खरा. पण प्रयोग साधेना. ज्या क्षारात रायबोसोम गरगर फिरवायचे त्यातच ते फुटून जात. हातचे दिवस संपत आले. दोघे हताश होऊन समुद्रकिनारी जाऊन बसले, आणि वाळूत बसल्या बसल्या ब्रेनर एकाएकी ओरडून उठले: मॅग्नेशियम! रायबोसोमला सांधून धरणारे मॅग्नेशियम त्या क्षारामुळे अपुरे पडत होते. धावत परत गेले, मॅग्नेशियम वाढवले, प्रयोग जमला. १३ मे १९६१ च्या 'नेचर'मध्ये तो छापून आला, आणि त्याच अंकात दुसऱ्या एका गटाचाही त्याच निष्कर्षाचा लेख होता.

त्यानंतर लिपी उलगडायची राहिली. नक्कल चार अक्षरांची, प्रथिन वीस मण्यांचे. कोणत्या तीन अक्षरांना कोणता मणी? याची पहिली किल्ली १९६१ मध्येच नीरेनबर्ग आणि मत्तेई यांना मिळाली, आणि पुढे पुष्कळसे कोडे सोडवले ते हरगोविंद खुराना यांनी. हा माणूस आता पाकिस्तानात असलेल्या मुलतान जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मला. वस्ती शंभराची. वडील पटवारी, म्हणजे आपल्या भाषेत तलाठी. त्याच्या पहिल्या इयत्ता गावात एका झाडाखाली भरत. तलाठ्याच्या मुलाने पुढे सृष्टीच्या दफ्तराची लिपी वाचली, त्याला १९६८ साली नीरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मी हे दरवर्षी प्रत्येक वर्गाला सांगतो. शास्त्राचा तास नसला तरी सांगतो.

आता अळीकडे येऊ, कारण वरचे सारे जंतूंवर आणि यीस्टवर घडले होते. जंतूची एकच पेशी. तिच्यात पाय कोठला आणि ग्रंथी कोठली? तात्यांच्या पोरीचा प्रश्न जंतूला विचारताच येत नाही. तो विचारायला बहुपेशी प्राणी हवा, आणि त्यातही अशी पेशी हवी की जी रात्रंदिवस एकच काम करते.

बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेच्या भ्रूणशास्त्र विभागात डोनाल्ड ब्राऊन नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि आणखी काहींनी १९६८ मध्ये बेडकीच्या कच्च्या अंड्यात एक नवल दाखवले होते. अंड्याला रायबोसोम अफाट लागतात, म्हणून ते त्यांच्यापुरत्या जनुकांच्या प्रती दफ्तरातच भरमसाट वाढवून घेते. तेव्हा शंका अशी निघाली की सगळीकडे हेच चालत असेल काय? डोळ्यात डोळ्याची पाने वाढवलेली, यकृतात यकृताची, आणि रेशमाच्या ग्रंथीत रेशमाची? पाहा, माझ्या "जिथलं तिथं" या उत्तराच्या आसपासच विद्वानांची शंकाही घुटमळत होती. मला थोडे बरे वाटले. फरक इतका की त्यांनी ती तपासली आणि मी घंटेच्या आवाजात झाकली.

ब्राऊन यांच्याकडे योशिआकी सुझुकी हे जपानी संशोधक आले. जपानला रेशीम काही नवे नव्हे. दोघांनी बॉम्बिक्स मोरी, म्हणजे आमच्या शेडमधलीच तुतीवरची अळी, हाताशी घेतली. ही अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेत आठवडाभर नुसती खाते. तिच्या अंगात रेशमाच्या दोन वळ्यावळ्यांच्या नळ्या असतात. शेवटी शेवटी अळीच्या वजनाचा मोठा भाग या नळ्यांचाच. नळीचा मागचा भाग फायब्रॉईन बनवतो, म्हणजे खरा धागा. मधला भाग सेरिसिन बनवतो, म्हणजे धाग्यावरचा डिंक. एकच नळी, पण मागच्या खिडकीवर एक नक्कल मिळते आणि मधल्या खिडकीवर दुसरी.

निरोप्याला त्यांनी पकडले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. फायब्रॉईनमध्ये मण्यांची विविधता फार थोडी: ग्लायसीन, ॲलनीन, सेरीन, पुन्हा ग्लायसीन, ॲलनीन, अशी पाळीपाळीने येणारी माळ. लिपी आता माहीत होती. तेव्हा माळेवरून उलट हिशेब करून नक्कल कशी दिसेल हे आधीच मांडता आले: ग्लायसीनची आणि ॲलनीनची अक्षरे लिहीत गेले की 'जी' हे अक्षर जागोजाग येते. शिवाय धागा लांब, म्हणजे नक्कलही अवाढव्य लांब असणार. (पुढे मोजले तेव्हा त्या प्रथिनात पाच हजारांहून अधिक मणी निघाले, म्हणजे नकलेची अक्षरे पंधरा हजारांच्या वर.) त्यांनी अळ्यांना किरणोत्सारी फॉस्फरस टोचला, ग्रंथीतला आर.एन.ए. काढला, वजनानुसार वेगळा केला, आणि त्या ढिगातून नेमका हवा तो कागद उचलला. तुकडे करून पाहिले तर हिशेबाप्रमाणे अपेक्षित तेच तुकडे. हे १९७२ साल. उच्च प्राण्यांच्या पेशींतून एखाद्या विशिष्ट प्रथिनाचा निरोप शुद्ध रूपात हाती आल्याची जी अगदी पहिली उदाहरणे आहेत, त्यांत हे एक.

आता कळीचा प्रश्न. नकलेचा एक गुण असा की ती आपल्या मूळ पानालाच चिकटते, दुसऱ्याला नाही. तेव्हा ही शुद्ध नक्कल ग्रंथीच्या डी.एन.ए.वर सोडली, आणि शरीराच्या इतर भागांतल्या डी.एन.ए.वरही सोडली, आणि किती पाने तिला चिकटतात ते मोजले. उत्तर एकच आले. ग्रंथीतही दफ्तराच्या एका जुडग्यामागे रेशमाचे पान एक, आणि बाकी शरीरातही एकच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ग्रंथीच्या पेशी अंड्यातच विभागायच्या थांबतात. नंतर पेशी वाढते, फुटत नाही, पण आतले दफ्तर दुप्पट, चौपट, आठपट असे वाढत जाऊन लाखो पट होते. म्हणून कोणी म्हणेल, पाने वाढलीच की. पण वाढते ते अख्खे दफ्तर. पायाचे पानही तितकेच वाढते. रेशमाच्या पानाला म्हणून काही खास वाटा मिळत नाही.

मग एवढे रेशीम येते कोठून? नकलांतून. सुझुकी आणि ब्राऊन यांनी हिशेब मांडला: एका जनुकाच्या सुमारे दहा हजार नकला निघतात, आणि प्रत्येक नक्कल वाचून सुमारे एक लाख फायब्रॉईन तयार होतात. चार दिवसांत एका पानावरून शंभर कोटी प्रथिने. जंतूंतला निरोप्या मिनिटांत मरतो. हा मात्र दिवस-दिवस टिकतो आणि पुन्हा पुन्हा वाचला जातो. पायातल्या पेशीत तेच पान, तितकेच कोरे करकरीत, जन्मभर बंद राहते.

पोरीचे म्हणणे बरोबर होते. पायातही आराखडा असतो.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात या कथेला एक जोड मिळाली. लिऑं हे जुने रेशमी कापडाचे शहर, म्हणजे युरोपचे पैठण म्हणा. तेथे गारेल नावाच्या संशोधकांनी दाखवले की रेशीम बनण्याच्या दिवसांत ग्रंथीतले दुभाषी आर.एन.ए.देखील बदलतात. ग्लायसीन, ॲलनीन आणि सेरीन आणून देणाऱ्यांचीच भरती वाढते. ज्या मालाला मागणी, त्याच मालाचे हमाल बोलवावेत तसे.

आणि फ्रान्सचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो, तात्या जे अंडीपुंज विकत आणतात ते रोगमुक्त असल्याची ग्वाही आजही पाश्चरच्या रीतीने मिळते. १८६५ पासून पाच वर्षे पाश्चर फ्रान्समध्ये रेशमाच्या रोगांवर काम करीत होता. अंडी घातलेली पाखरी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिच्यात पेब्रिनचे कण दिसले तर तिची सारी अंडी टाकून द्यायची. ग्रासरी मात्र या चाळणीत अडकत नाही. ती विषाणूची करामत. हा विषाणू अळीच्या दफ्तरखान्यात घुसतो आणि तेथल्याच कारकुनांकडून स्वतःच्या पानांच्या नकला काढवून घेतो. अळीची सारी कचेरी मग विषाणूचे निरोप वाचत बसते.

यावर तोड काढण्याचा एक प्रयत्न आपल्या देशात झाला. १९९८ मध्ये फायर आणि मेलो यांनी दाखवले होते की दुपदरी आर.एन.ए. पेशीत सोडला तर त्याच्याशी जुळणारी नक्कल पेशी स्वतःच फाडून टाकते. त्या शोधाला २००६ चे नोबेल मिळाले. हैदराबादच्या सी.डी.एफ.डी. संस्थेत जे. नागराजू यांनी त्याच तत्त्वावर अळ्यांचे असे वाण तयार केले, की विषाणूच्या नकला निघताच अळीच त्या फाडील. नागराजू २०१२ च्या शेवटच्या दिवशी वारले. त्यांच्या गटाचा शेवटचा मोठा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा अळ्या ग्रासरीत पुष्कळच अधिक तगलेल्या दिसतात. तात्यांच्या शेडमध्ये मात्र चुना आणि ब्लीचिंग हेच हत्यार आहे. हे लिहिताना मला ते पुरलेले खड्डे दिसतात.

२०१४ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी आणखी एक अजब गोष्ट दाखवली: अळी नर होणार की मादी हे ठरवणारा एक अगदी चिमुकला आर.एन.ए. आहे. तो प्रथिन बनवीत नाही, नुसती नराची नक्कल फाडतो. फाडली की मादी. आणि ज्यांना हे सारे किड्यामुंग्यांचे वाटत असेल त्यांनी आपला दंड चाचपावा. कोरोनाच्या २०२० सालात गावोगाव नाकातून नमुने घेतले, त्यांत शोधीत होते तो विषाणूचा आर.एन.ए.च, आणि २०२२ मध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या ज्या लशीला परवानगी मिळाली, तिच्यात एक नक्कलच होती. दफ्तर नाही, प्रथिन नाही, नुसता निरोप. आपल्या दंडातल्या पेशीने तो वाचायचा.

तर असा मी सगळा मजकूर जुळवून बसलो. टोळी उन्हाळ्याच्या तोंडी परत आली, पण परीक्षा बुडालेली. पोरीला पुन्हा त्याच वर्गात बसवले. मला तिला गाठण्याचे धाडस होत नव्हते, असे म्हटले तरी चालेल. यंदा आश्विनात तात्यांनी पुन्हा बॅच घेतली आहे असे कळले तेव्हा एका संध्याकाळी शेडवर गेलो. चपला बाहेर काढल्या, चुन्यावर पाय ठेवून आत गेलो. अळ्या पाचव्या अवस्थेत होत्या. पोरगी पाला टाकीत होती.

मी तिला सारे सांगितले. दफ्तरखाना, नक्कल, दुभाषी, बाल्टिमोरचे दोघे. ती पाला टाकत टाकत ऐकत होती. मग घरात जाऊन ती जुनी वही घेऊन आली. कोपरे दुमडलेले, एका पानाला काकवीसारखा काही डाग. मी खिशातला लाल पेन काढून माझे वाक्य खोडले, खाली बरोबर उत्तर लिहिले आणि सही केली.

तिने ते वाचले आणि विचारले, "मंग नक्कल काढायचा अर्ज कोण करतं, सर?"

यावेळी मी घंटेची वाट पाहिली नाही. सांगितले की सुझुकी पुढे जपानला परतले आणि ओकाझाकी येथल्या संस्थेत वर्षानुवर्षे हाच प्रश्न घेऊन बसले. जनुकाच्या आरंभापाशी काही प्रथिने येऊन बसतात, ती बसली की नक्कल सुरू होते. त्यांतली काही त्यांना सापडली. पण त्या प्रथिनांची नक्कल काढायला कोण सांगते, आणि त्याला कोण, असे मागे मागे जात राहिले की अंड्यापर्यंत पोचावे लागते. एवढे सांगून मी थांबलो, कारण मी तेवढेच वाचले होते.

परवा पुन्हा गेलो तेव्हा अळ्या चंद्रिकांवर चढून विणून झाल्या होत्या. सगळे घर कोष वेचीत होते. डागी एका टोपलीत, जोडकोष दुसऱ्या टोपलीत, चांगले पांढरे खाली पसरलेले. तात्यांनी एक कोष कानाशी धरून हलवला. आत कोषाची अळी खुळखुळली. त्यांनी तो पांढऱ्यांत टाकला.

तेवढ्यात खाटेवरचा फोन वाजला. मुकादमाचा, त्या दिवसातला दुसऱ्यांदा.

"सोमवारी बीडला माल नेतो," तात्या म्हणाले, "मंग सांगतो."